पझेशन : एका शब्दाचे किती अर्थ?



'पझेशन' हा शब्द आता इंग्रजी राहिलेला नाही. बदलापूरला गाडीतून पूर्वेला उतरा नाहीतर पश्चिमेला, बांधकामाच्या फलकांवर तो देवनागरीत लिहिलेला सापडतो. 'रेडी पझेशन', 'दिवाळीत पझेशन', 'पझेशन सुरू'. आपल्या भागातील पुष्कळ सभासदांची मुले नोकरीसाठी मुंबईकडे गेली. मुंबईत जागा परवडेना, म्हणून कर्जत मार्गावर सरकत सरकत अंबरनाथ, बदलापूर, वांगणीपर्यंत पोचली. कुणी उसाच्या बिलातून बाजूला टाकलेले पैसे दिले, कुणी सोसायटीचे कर्ज काढले, कुणी बांधाकडची अर्धा एकर विकली आणि पोराच्या फ्लॅटचा पहिला हप्ता भरला. त्यामुळे गावच्या पारावरही आता 'पोराला पझेशन मिळालं का हो?' असा प्रश्न ऐकू येतो.

प्रश्न सोपा वाटतो, उत्तर तितके सोपे नाही. बिल्डर हा शब्द एका अर्थाने वापरतो, बँक दुसऱ्या, तलाठी तिसऱ्या आणि फौजदार चौथ्या. आपण मात्र सगळीकडे एकच अर्थ धरून चालतो, 'किल्ली हातात आली म्हणजे झालं.' या समजुतीपायी लोकांची घरे अडकलेली आहेत आणि जमिनीही गेलेल्या आहेत. म्हणून या पाठात एवढा एकच शब्द घेतला आहे.

हा गोंधळ अडाणी माणसाचाच आहे असे समजू नका. १९७९ साली शस्त्र कायद्याखालच्या पश्चिम बंगालमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच मान्य केले की, सर्व कायद्यांना सारखी लागू पडेल अशी 'पझेशन'ची पक्की व्याख्या करणे जवळजवळ अशक्य आहे. शब्द ज्या कायद्यात आला असेल, त्या कायद्याचा हेतू पाहून त्याचा अर्थ लावायचा. न्यायमूर्तींची ही अडचण, मग आपली काय कथा!

तरी पण दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी लागतात. एक, वस्तू आपल्या अखत्यारात असणे. दोन, ती आपल्यासाठी धरून ठेवण्याचा इरादा असणे. तोडलेला ऊस गाडीत भरला आणि गाडी कारखान्याच्या रस्त्याला लागली, की ऊस गाडीवानाच्या हाती असतो. पण म्हणून त्याला वाटेत मोळी विकता येत नाही. त्याच्याजवळ ऊस आहे तो दुसऱ्यासाठी. कायदा म्हणतो, हात गाडीवानाचा, ताबा मालकाचा. ही गाडी डोक्यात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता आपले मराठी शब्द पाहू. इंग्रजीत जिथे एक शब्द आहे तिथे आपल्याकडे चार आहेत : ताबा, कब्जा, वहिवाट, भोगवटा. ताबा म्हणजे प्रत्यक्ष हाती असणे. कब्जा म्हणजे जवळपास तेच, पण बोलण्यात त्याला 'बळजबरीने घेतलेले' असा वास येतो. कोर्टाच्या आणि महसुलाच्या कागदात तसा वास नसतो, तिथे 'कब्जेदार' म्हणजे शिवी नव्हे. वहिवाट म्हणजे वापर, कसणे. गाव नमुना बारामध्ये पीक कोणते व कोणाच्या वहिवाटीत हे लिहितात, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवतो. 'वहिवाटीचा रस्ता' मात्र वेगळा. तिथे जमिनीचा ताबा आपला नसतोच, फक्त जाण्यायेण्याचा हक्क असतो. उघडपणे, अखंड वीस वर्षे आणि हक्क म्हणून वापर झाला, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तो पक्का होतो.

भोगवटा हा शब्द सर्वांत फसवा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग १' असेल तर जमीन विकायला साधारणपणे सरकारची परवानगी लागत नाही, 'वर्ग २' असेल तर लागते. म्हणजे गावाकडे भोगवटा हा शब्द जमिनीवरच्या हक्काची जात सांगतो. हाच शब्द शहरात गेला की इमारतीला चिकटतो. नगरपरिषद देते ते 'भोगवटा प्रमाणपत्र'. याचा मालकीशी काही संबंध नाही. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि तिच्यात माणसांनी राहायला हरकत नाही, एवढेच ते सांगते. लोक त्याला 'ओसी' म्हणतात. बदलापुरातल्या पझेशनची सगळी गोम या कागदात आहे.

फ्लॅटचे पझेशन

१९६३ साली महाराष्ट्राने मालकी हक्काच्या फ्लॅटांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याला 'मोफा' म्हणतात. त्याच्या कलम ३ मध्ये एक तरतूद आहे, ती खरेदीदार सहसा वाचत नाहीत. पूर्णत्वाचा दाखला आवश्यक असेल तिथे तो मिळाल्याशिवाय बिल्डरने कोणाला ताब्यात शिरू द्यायचे नाही. आणि एवढ्यावर न थांबता कायदा पुढे म्हणतो की, दाखल्याशिवाय कोणी ताबा घ्यायचाही नाही. म्हणजे देणारा आणि घेणारा, दोघांचेही हात बांधलेले आहेत. 'बिल्डरने किल्ली दिली, आम्ही घेतली, आमचा काय दोष?' असे म्हणायला कायद्याने जागा ठेवलेली नाही.

नंतर २०१६ चा केंद्राचा स्थावर संपदा कायदा आला. लोक त्याला 'रेरा' म्हणतात. महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण, म्हणजे महारेरा, १ मे २०१७ पासून काम करते. या कायद्याने हिशेब अधिक स्पष्ट केला. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत खरेदीदाराने प्रत्यक्ष ताबा घ्यायचा आहे. घड्याळ सुरू होते ते प्रमाणपत्रापासून, बिल्डरच्या पत्रापासून नाही.

मग फलकांवर 'पझेशन सुरू' असते ते कसले? पुष्कळदा ते 'फिट-आऊट पझेशन' असते. बिल्डर सांगतो, ओसी यायची आहे, तोवर तुम्ही फर्निचर करून घ्या, रंग लावा, किल्ली घ्या. माणूस भाड्याच्या खोलीला कंटाळलेला असतो, शाळा सुरू व्हायची असते, तो सामानासकट राहायलाच जातो. बिल्डरची निकड तिथेच संपते. राहिलेली रक्कम हाती आलेली असते आणि प्रमाणपत्राचा अर्ज कुठे तरी पडून राहतो. हा ताबा व्यवहारात खरा आहे, तुम्ही आत झोपता, स्वयंपाक करता. पण कायद्याला जो ताबा अभिप्रेत आहे तो हा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली आग्रा विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितले की, पूर्णत्वाचा व अग्निशमनाचा दाखला नसताना दिलेला ताब्याचा प्रस्ताव हा वैध प्रस्तावच नव्हे.

प्रमाणपत्र नसले म्हणजे काय होते, याचे एक चांगले उदाहरण मुंबईचे आहे. समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी १९९७ च्या सुमारास ताबा घेतला. भोगवटा प्रमाणपत्र आलेच नाही. परिणाम असा की महापालिकेला मालमत्ता कर २५ टक्के जादा आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागली, आणि ती वर्षानुवर्षे. ग्राहक आयोगात दाद मागितली तर 'मुदत गेली' असे उत्तर मिळाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ जानेवारी २०२२ ला न्यायालयाने निकाल दिला की, प्रमाणपत्र मिळवून देणे ही बिल्डरची जबाबदारी आहे, ती तो पार पाडत नाही तोवर चूक दररोज चालूच राहते, म्हणून मुदत संपली असे म्हणता येणार नाही, आणि ही सेवेतील त्रुटीच आहे. सहकारी संस्थेने, म्हणजे आपल्यासारख्याच सभासदांनी, चिकाटीने लढून हा निकाल मिळवला, याचे मला विशेष वाटते. एकट्या फ्लॅटवाल्याला पंचवीस वर्षे धीर धरवला नसता.

बदलापुरात दाखला कोण देणार, हेही आधी विचारून घ्यावे. १९८३ साली कल्याण महापालिका झाली तेव्हा बदलापूर तिच्यात गेले, १९९२ मध्ये बाहेर पडले आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद स्वतंत्र झाली. नगरपरिषदेच्या हद्दीत तिचा दाखला लागतो. पण जाहिरातीत 'बदलापूर' लिहिलेले प्रत्येक गाव तिच्या हद्दीत असतेच असे नाही. हद्दीबाहेर नियोजन प्राधिकरण वेगळे असते. तेव्हा 'ओसी येणार आहे' असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न विचारायचा : कोणाकडून? आणि दुसरा : अर्ज कोणत्या तारखेला केला? या दोन प्रश्नांवर विक्रीवाल्या पोरांची बोलती बंद होते, हा अनुभव घेऊन पाहा.

आता तारखेविषयी. पझेशनची तारीख म्हणजे छापील माहितीपत्रकातली नव्हे, आणि तोंडी सांगितलेली तर नव्हेच. नोंदणी झालेल्या करारनाम्यात लिहिलेली तारीख खरी. रेरा कायद्यानुसार किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्यापूर्वी करार करून नोंदवलाच पाहिजे. काही बिल्डरांनी महारेराकडे प्रकल्प नोंदवताना पुढची तारीख टाकली आणि 'आता हीच खरी' असे म्हणू लागले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ च्या नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात सांगितले की, त्यामुळे करारातली तारीख बदलत नाही.

तारीख चुकली तर कलम १८ प्रमाणे खरेदीदारापुढे दोन वाटा आहेत. घर नको असेल तर भरलेले पैसे व्याजासकट परत. घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचे व्याज. निवड खरेदीदाराची, बिल्डरची नाही. व्याजाचा दर महाराष्ट्राच्या नियमात स्टेट बँकेच्या कर्जदराशी जोडलेला आहे, तिचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक दोन टक्के. समजा वीस लाख भरले आहेत आणि दर दहा टक्के धरला, तर महिन्याला सोळा हजार सहाशेच्या वर रक्कम होते. ही काही किरकोळ गोष्ट नव्हे, तेवढ्यात पोराचे घरभाडे सुटते.

आणखी एक सापळा. किल्ली देताना 'ताबा पावती' नावाच्या कागदावर सही घेतात. त्यात बारीक अक्षरात असते, 'क्षेत्रफळ, दर्जा, विलंब याबाबत माझी काहीही तक्रार नाही.' सही केली तर हक्क संपतो का? २०२० साली बंगळूरच्या एका मोठ्या प्रकल्पाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, ताबा घेतला किंवा खरेदीखत केले एवढ्यावरून विलंबाची भरपाई मागण्याचा हक्क जात नाही. तरीसुद्धा सही करताना खाली स्वतःच्या अक्षरात 'विलंबाबाबतचे हक्क राखून' असे लिहावे आणि पावतीची प्रत घ्यावी. बिल्डरचा माणूस कुरकुर करील, करू द्या. आणि ताब्याची तारीख नीट लिहून ठेवा, कारण बांधकामातला दोष पाच वर्षांच्या आत दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत मोफत दुरुस्त करून द्यायचा आहे, आणि ही पाच वर्षे मोजायची ती ताब्याच्या तारखेपासून.

एवढे सगळे झाले तरी मिळाले ते फ्लॅटचे पझेशन. खालची जमीन? सातबारा काढून पाहिला तर पुष्कळ इमारतींखाली अजून मूळ शेतकऱ्याचे नाही तर बिल्डरचे नाव दिसते. मोफाच्या कलम ११ प्रमाणे जमिनीचे हस्तांतरण संस्थेच्या नावे व्हायला हवे. ते बिल्डरने केले नाही तर २००८ च्या दुरुस्तीनंतर संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे 'मानीव अभिहस्तांतरण' मागता येते. नाव अवघड आहे, अर्थ इतकाच की बिल्डरची सही नसली तरी झाली असे मानून दस्त करून देणे. आपल्या मुलाच्या संस्थेने हे केले आहे का, पुढच्या फेरीत विचारा. इमारत जुनी होऊन पुन्हा बांधायची वेळ आली म्हणजे याची किंमत कळते.

बँकेचे पझेशन

वर्तमानपत्रात शेवटच्या पानांवर चौकटीत बारीक टाइपात 'ताबा सूचना' छापून येतात. त्यांत बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरचे फ्लॅट हटकून असतात. त्यांत कधी 'सांकेतिक ताबा' लिहिलेले असते, कधी 'प्रत्यक्ष ताबा'. माणूस स्वतःच्या घरात बसून चहा पितोय आणि कागद सांगतो की घराचा ताबा बँकेने घेतला! वाचणाऱ्याला चक्रावल्यासारखे होते.

हा २००२ चा सरफेसी कायदा. हप्ते थकून खाते बुडीत धरले गेले की बँक साठ दिवसांची नोटीस देते. त्या नोटिशीला लेखी हरकत घेता येते, आणि बँकेने पंधरा दिवसांत त्याचे उत्तर द्यायचे असते. साठ दिवसांत पैसे भरले नाहीत तर बँक ताबा घेऊ शकते, त्यासाठी आधी दाव्याला जावे लागत नाही. दारावर सूचना चिकटवायची, दोन वर्तमानपत्रांत छापायची (त्यांतले एक स्थानिक भाषेतले), हा झाला सांकेतिक ताबा. घरात राहणारा घरातच असतो, पण मालमत्तेवर बँकेचा हात पडलेला असतो. माणसे बाहेर काढून कुलूप लावणे हा प्रत्यक्ष ताबा. त्यासाठी बँक जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मदत घेते.

सांकेतिक ताब्याची सूचना लागली म्हणजे सगळे संपले असे नाही, आणि काहीच झाले नाही असेही नाही. त्या दिवसापासून पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सगळे देणे भरले तर घर सुटते. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत सवड मिळे, २०१६ च्या दुरुस्तीने ती आखडली. म्हणून 'साहेबांना भेटून बघतो' म्हणत दिवस घालवू नयेत. पोरे लाजेने घरी सांगत नाहीत, आणि बापाला कळते तेव्हा चौकट छापून झालेली असते.

शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, हे मुद्दाम सांगतो. तारणातली शेती या मार्गाने ताब्यात घेता येत नाही. सहकारी संस्थेच्या वसुलीचा रस्ता वेगळा आहे, तो आज घेत नाही.

जमिनीचे पझेशन

गावाकडे गहाणाचे दोन प्रकार जुने आहेत. नजरगहाणात जमीन आपल्याकडेच राहते, कागदावर बोजा चढतो. ताबेगहाणात सावकार जमीन कसतो आणि उत्पन्न व्याजात किंवा मुद्दलात धरतो. ताबेगहाणात अडकलेल्या जमिनीबद्दल एक मोठा गैरसमज आहे : 'तीस वर्षं झाली, आता ती सावकाराची झाली.' सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सिंग राम प्रकरणात सांगितले की, अशा गहाणात नुसत्या गहाणाच्या तारखेपासून तीस वर्षे मोजून जमीन बुडत नाही. पैसे फिटले किंवा उत्पन्नातून वळते झाले, त्यानंतरच मुदत सुरू होते. आजोबांच्या वेळचे ताबेगहाणाचे कागद ट्रंकेत असतील तर फेकू नका.

साठेखत करताना 'ताबा आजच दिला' हे एक वाक्य बेफिकिरीने लिहिले जाते. त्या वाक्याची किंमत मोठी आहे. मुद्रांक कायद्याप्रमाणे ताब्यासह केलेले साठेखत हे खरेदीखतच समजून त्यावर पूर्ण मुद्रांक लागतो. १९९९ मध्ये वीणा हसमुख जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फ्लॅटच्या करारालाही हे लागू केले. शिवाय खरेदीदाराला त्या ताब्याच्या जोरावर मूळ मालकापासून संरक्षण हवे असेल, तर २००१ पासून साठेखत नोंदलेलेच पाहिजे. नोंदणीशिवायच्या 'नोटरी' कागदावर जमीन कसायला घेणारे अजून आहेत. त्यांचा ताबा म्हणजे वाळूवरची भिंत.

कोणी बळाने हुसकावले तर? इथे कायदा मालकी विचारतच नाही. १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ प्रमाणे, तुमच्या संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्ग सोडून कोणी काढून टाकले, तर सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागता येतो. समोरचा खरा मालक असला तरी हरकत नाही. त्याने कोर्टातून यावे, लाठ्या घेऊन नव्हे. (सरकारविरुद्ध मात्र हा दावा चालत नाही.) शेतजमीन असेल तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, तहसीलदारांकडे अर्ज, मुदत तीच, सहा महिने. गावची पंचमंडळी 'बसून मिटवू' म्हणतात आणि चांगल्या हेतूने म्हणतात, पण बसता बसता सहावा महिना उलटतो आणि सोपा मार्ग बंद होतो. मग मालकीचा लांबलचक दावा. मिटवायचे ते अर्ज दाखल करून मिटवावे.

याच्या उलट बाजूचा प्रश्न, 'बारा वर्षं कसली की जमीन कसणाऱ्याची'. हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे फार घातक असते. मुदतीच्या कायद्यात बारा वर्षे आहेत हे बरोबर. पण ताबा उघड, सलग आणि मालकाच्या हक्काला नाकारून घेतलेला हवा. मालकाच्या परवानगीने राहणारा, वाट्याने कसणारा, राखणदार, नातलग हे कितीही वर्षे असले तरी दुसऱ्यासाठी धरून बसलेले. तीच उसाची गाडी. गोव्यातील बहीण-भावाच्या एका वादात, मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस प्रकरणात, हाच मुद्दा होता. घर बहिणीचे, सांभाळायला भाऊ. भावाने ताब्याचा हक्क सांगितला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहिणीच्या बाजूने निकाल देताना म्हटले की, काळजीवाहू, राखणदार किंवा नोकर यांना कितीही वर्षांच्या राहण्याने मालमत्तेत हक्क मिळत नाही. ज्यांनी गावचे घर भावाच्या हवाली करून बदलापूर गाठले त्यांनी धास्ती घेण्याचे कारण नाही, आणि ज्या भावांनी घर सांभाळले त्यांनी मनात भलते आणू नये. तरी एक साधे पत्र, 'घर तुझ्या देखरेखीला दिले आहे' असे, लिहून ठेवावे. भाऊ रागावणार नाही, वाद होतात ते पुढच्या पिढीत.

सातबाऱ्यावरच्या नोंदीबद्दल दोन शब्द. नोंद बरोबर आहे असे कायदा गृहीत धरतो, पण ते पुराव्याने खोडता येते. नोंदीने मालकी जन्माला येत नाही आणि नोंद गेल्याने मरत नाही.

सरकारचे पझेशन

एका शब्दावर किती जमीन टांगलेली असते याचे उदाहरण बदलापूरच्या आसपासच सापडेल. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा ज्या शहरांना लागला, त्यांच्या यादीत उल्हासनगर नागरी समूह होता. जादा ठरलेली जमीन राजपत्रात छापून सरकारजमा झाली. महाराष्ट्राने हा कायदा २९ नोव्हेंबर २००७ ला रद्द केला. मग जमीन कोणाची? रद्द करणाऱ्या कायद्याने कसोटी ठेवली ती ताब्याची. सरकारने ताबा घेतला असेल तर सरकारची, नसेल तर मालकाची. २०१३ साली हरीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खुलासा केला की, राजपत्रात छापून सरकारकडे 'निहित' झाली हा कागदोपत्री ताबा, तो पुरेसा नाही. प्रत्यक्ष ताबा नोटीस देऊन, रीतसर घेतलेला असला पाहिजे. ज्यांच्या बांधावर कोणी आलाच नव्हता त्यांची जमीन वाचली.

पण भूसंपादनात हाच शब्द उलटा फिरतो, तेव्हा वरचा निकाल वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. बारवी धरणाची उंची वाढवताना, आता बडोदा-मुंबई महामार्गासाठी बदलापूरजवळून जमिनी घेताना, किंवा आपल्याकडे कालवा-रस्त्यासाठी, शेतकरी म्हणतो, 'मी अजून पीक घेतोय, ताबा माझाच.' इंदूर विकास प्राधिकरण प्रकरणात ६ मार्च २०२० ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, मोकळ्या जमिनीचा ताबा पंचनामा करून घेतला तरी तो ताबा पुरा होतो. त्यानंतर मूळ मालक तिथे नांगर चालवत असला तरी तो कायद्याच्या नजरेत आगंतुक. म्हणून पंचनाम्याच्या वेळी हजर राहावे, उभे पीक, विहीर, झाडे, पाइपलाइन सगळे लिहून घ्यावे, आणि राहिले असेल तर तिथेच लेखी हरकत द्यावी. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात आणखी एक आधार आहे : मोबदल्याची रक्कम आधी जमा झाल्याशिवाय जमिनीचा ताबा घेता येत नाही. रक्कम जमा झाल्याचा पुरावा मागणे हा अपमान नव्हे, आपला हक्क आहे.

फौजदारी बाजू थोडक्यात. शस्त्रे, दारू, अमली पदार्थ यांच्या कायद्यांत 'जवळ बाळगणे' हाच गुन्हा असतो. इथे दुसरी गोष्ट, म्हणजे मन, फार महत्त्वाचे. १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने 'पझेशन' म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणे असा अर्थ लावला. वस्तू आपल्याजवळ आहे हे माहीतच नसेल तर ते पझेशन नव्हे. पण माहीत नव्हते हे पटवून देताना घाम फुटतो. गावाहून बदलापूरला निघताना शेजाऱ्याने दिलेले बांधलेले गाठोडे उघडून पाहिल्याशिवाय गाडीत ठेवू नये.

दोन सभासदांच्या जागेच्या वादातून मारामारीची भीती असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे एक मार्ग आहे, पूर्वीचे कलम १४५, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १६४. तिथे मालक कोण हे ठरत नाही. त्या दिवशी प्रत्यक्ष ताब्यात कोण होते, किंवा आधीच्या दोन महिन्यांत कोणाला बळाने काढले, एवढेच पाहतात. त्यामुळे वीजबिल, पाणीपट्टी, पीक पाहणीचा उतारा, खतांच्या पावत्या अशी कागदांची पुडकी इथे खरेदीखतापेक्षा उपयोगी पडतात.

सभासदांनी ताब्यासंबंधी शंका कळवताना कृपया सातबारा किंवा कराराची झेरॉक्स जोडावी. नुसते 'पझेशन आमचे आहे' एवढ्यावर काही सांगता येत नाही, ते वर आलेच आहे. पुढील अंकी 'नोटीस' हा शब्द घेऊ.